चाळीस आणि एक्केचाळीस

माझ्या वर्गातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद डिंकाने चिकटवलेला होता. त्यावर नऊ ओळींचा तक्ता होता. ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला इ-१ आणि २० किंवा त्याखाली इ-२. तक्ता मला तोंडपाठ होता, तरीही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नोंदपत्रक भरायला बसले की प्रत्येक मुलाच्या नावाशी मी कपाटाचे दार उघडून एकदा त्याच्याकडे बघत असे. गुण पेन्सिलने लिहिले जात आणि श्रेणी शाईने, आणि शाईने लिहिलेले अक्षर पुढे जन्मभर त्या मुलाच्या दप्तरात राहणार, हे ठाऊक असल्यामुळे हात थोडा थांबत असे.

बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटच्या डोंगराला लागून असलेल्या गावांत मी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवले. सेवेची पहिली काही वर्षे गुणांची होती आणि नंतरची श्रेणीची. हा बदल मी वर्गात उभी राहून अनुभवला असल्यामुळे गुणांचे श्रेणीत रूपांतर करणे म्हणजे नेमके काय करणे, याविषयी मला जे वाटते ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

आधी हा बदल आला कुठून, ते सांगते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाचे मूल्यमापन सतत आणि सर्व अंगांनी व्हावे, आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला बोर्डाची परीक्षा असू नये आणि कोणत्याही वर्गात त्याला मागे ठेवू नये, या तीन गोष्टी त्या कायद्यात एकत्र आल्या. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी निर्णय काढला आणि पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. मुलांवरचे परीक्षेचे ओझे कमी करावे ही मागणी त्याआधीही होतीच. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली ती पुरेशा स्पष्ट शब्दांत मांडली होती. पण आमच्यापर्यंत ती पोहोचली २०१० च्या त्या कागदाने.

त्याआधीचे दिवस मला चांगले आठवतात. पाचवीत नापास झालेली एक मुलगी जूनमध्ये तिच्या धाकट्या भावाच्या वर्गात येऊन बसली. दोघे एकाच बाकावर. जुलैपर्यंत ती आली आणि मग येईनाशी झाली. तिच्या घरी गेले तेव्हा तिची आई म्हणाली, “बाई, तिला लाज वाटती.” त्यापुढे मला काही बोलता आले नाही. म्हणून श्रेणीची पद्धत आली तेव्हा मी मनापासून तिच्या बाजूची होते. एका गुणाने नापास होणारे मूल आता नापास होणार नव्हते, यापेक्षा मोठी गोष्ट त्या वेळी मला दिसत नव्हती.

आता कामाचे सांगते, कारण बाहेरच्या माणसाला श्रेणी हे एक अक्षर वाटते आणि त्या अक्षरापर्यंत पोहोचायला किती आकडेमोड लागते हे ठाऊक नसते. मूल्यमापनाचे दोन भाग होते. वर्षभर वर्गात चालते ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होते ते संकलित. लहान वर्गांत आकारिकाचा वाटा मोठा आणि वरच्या वर्गांत संकलिताचा. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे, आणि सातवी-आठवीला आकारिक ४० व संकलित ६०. सहावीच्या संकलिताच्या ५० मध्ये लेखी ४० आणि तोंडी किंवा प्रात्यक्षिक १०. आकारिकासाठी साधने दिलेली होती: दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, कृती-उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हे विषय पूर्णपणे आकारिक. सहावीला एकूण नऊ विषय आणि वर्षाची दोन सत्रे. वर्गात पस्तीस मुले असली तर एका वर्षात सहाशे तीस श्रेणी एका शिक्षकाच्या हातून लिहिल्या जात, आणि प्रत्येक श्रेणीमागे पाच-सहा रकाने.

या पद्धतीतला विचार मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. तीन तासांत कागदावर जे उतरते तेवढेच मूल नसते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते, आणि तेच पहिल्यांदा सरकारी कागदावर, रकान्यांसह, आले होते. अडचण पुढच्या पायरीवर होती. सहा रकान्यांतले सहा वेगवेगळे आकडे आपण आधी एका बेरजेत बसवतो आणि मग ती बेरीज एका अक्षरात. प्रत्येक पायरीवर मूल थोडे दूर जाते.

माझ्या वर्गातल्या दोन मुलींचे भाषेचे गुण एका वर्षी सारखे आले, दोघींना ६५. एकीला आकारिकात ५० पैकी ४३ आणि संकलितात २२. ती वर्गात भरभरून बोलायची, कविता चालीवर म्हणायची, गोष्ट सांगताना समोरच्याला हलू द्यायची नाही. पण लिहायला बसली की तिचे अर्धे शब्द कागदावर यायचेच नाहीत. दुसरीचे नेमके उलटे होते. आकारिकात २३ आणि संकलितात ४२. वर्षभर तिने तोंड उघडले नाही, पण तिचा निबंध वाचताना मी दोनदा चष्मा पुसला होता. दोघींच्या प्रगतीपत्रकात ब-२ असे लिहिले गेले. एकीला लिहिते करायचे होते आणि दुसरीला बोलते. ब-२ या अक्षराने दोघींपैकी कोणाविषयीच ते सांगितले नाही. ६५ हा आकडा लिहिला असता तरी सांगितले नसते, हेही खरे आहे. म्हणून गुण चांगले की श्रेणी चांगली, या वादात मला फारसा अर्थ दिसत नाही. दोन्हींत बेरीज आहेच.

मात्र श्रेणीत एक वेगळी गोष्ट घडते, आणि ती म्हणजे सीमा. गुणांच्या जगात ६० आणि ६१ हे शेजारी असतात. तक्त्यात त्यांच्यामध्ये रेघ येते, आणि ६१ चे मूल ७० च्या मुलाच्या घरात जाऊन बसते, ६० चे मूल ५१ च्या. नऊ गुणांचा फरक दिसेनासा होतो आणि एका गुणाचा फरक ठळक होतो. त्यातही अर्ध्या गुणांचे काय करायचे हा प्रश्न होताच. तक्त्यात एक ओळ ६० ला संपते आणि दुसरी ६१ ला सुरू होते, ६०.५ गुण मिळालेल्या मुलाला त्या दोन ओळींच्या मध्ये जागाच नाही. आमच्या शाळेत आम्ही शिक्षकांनी बसून ठरवले की अर्धा गुण नेहमी वरच्या बाजूला धरायचा. ठरवले ते बरेच केले, पण ज्या दिवशी ठरवले त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की हे रूपांतर निव्वळ गणित नाही. तक्ता गणितासारखा दिसतो; त्यातल्या फटींत माणसाचा निर्णय असतो.

पालकांना श्रेणीचे गणित उलट्या दिशेने हवे असे. १ मे रोजी ध्वजवंदन झाले की आमच्याकडे निकाल वाटला जातो. झेंड्याला सलामी देऊन मुले रांगेत वर्गात येत, पालक व्हरांड्यात थांबत, आणि प्रगतीपत्रक हातात पडले की पहिला प्रश्न येई, “बाई, हे अ-२ म्हणजे टक्के किती?” श्रेणी हा शब्दच त्यांना दहावीच्या गुणपत्रिकेवरून माहीत होता. तिथे ७५ टक्क्यांना प्रावीण्यासह प्रथम श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय श्रेणी आणि ३५ ला उत्तीर्ण. त्यामुळे क-१ म्हणजे तिसऱ्या वर्गात पास, असे एका वडिलांनी घरी जाऊन सांगितले आणि मुलाला जेवू दिले नाही. त्या मुलाला ५८ गुण होते. ती गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली, आणि पुढच्या वर्षीपासून मी निकालाच्या दिवशी तोच नऊ ओळींचा तक्ता फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवू लागले.

श्रेणीतून टक्के परत काढता येतात का? शहरातल्या केंद्रीय बोर्डाच्या शाळांनी ते करून पाहिले. सीबीएसईने २००९-१० पासून दहावीला श्रेणी आणि श्रेणीगुण सुरू केले: ९१ ते १०० ला १०, ८१ ते ९० ला ९, असे खाली उतरत ३३ ते ४० ला ४. पाच विषयांच्या श्रेणीगुणांची सरासरी काढायची आणि तिला ९.५ ने गुणायचे, म्हणजे अंदाजे टक्के येतात. हा साडेनऊ काही आकाशातून पडला नव्हता; ९१ ते १०० च्या घरातल्या मुलांच्या गुणांची सरासरी ९५ च्या आसपास येते, तिला दहाने भागले की साडेनऊ. वरच्या बाजूला हा हिशेब बरा बसतो. ९ ला साडेनऊने गुणले तर ८५.५ येतात, आणि ८१ ते ९० चा मध्य तोच आहे. पण ४ ला गुणले तर ३८ येतात, आणि ३३ ते ४० चा मध्य साडेछत्तीस आहे. दीड गुण फुकटचे. ९१ आणि १०० या दोघांनाही ९५ मिळतात, ते वेगळेच. एकदा दळलेले पीठ पुन्हा दाणे होत नाही, हे आपल्या बायकांना जात्यापासून ठाऊक आहे. तरीही लोकांना दाणे हवे होते, कारण पुढच्या प्रवेशाच्या रांगेत अक्षर चालत नव्हते, टक्के चालत होते.

त्याच बोर्डाच्या आजच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरील श्रेणी तर वेगळ्याच रीतीने ठरते, आणि ती रीत मला मान्य नाही, हे स्पष्ट सांगते. तिथे एखाद्या विषयात उत्तीर्ण झालेल्या सगळ्या मुलांची गुणांनुसार ओळ लावतात आणि तिचे आठ भाग करतात. पहिल्या आठव्या हिश्शाला पहिली श्रेणी, पुढच्या आठव्याला दुसरी, असे शेवटपर्यंत. म्हणजे माझ्या मुलीला कोणती श्रेणी मिळेल हे तिने किती शिकले यावर नव्हे, इतरांनी तिच्यापेक्षा किती जास्त लिहिले यावर ठरते. लाखो मुलांमधून निवड करायची असेल तर ती रीत सोयीची असेल. पण आमच्या कपाटावरच्या तक्त्यात एक फार मोठे औदार्य होते. वर्गातल्या पस्तीसच्या पस्तीस मुलांना अ-१ मिळू शकत होते. कोणाला वर चढायला कोणाला खाली ढकलावे लागत नव्हते. लहान मुलांच्या शाळेत मोजमाप असावे तर असे असावे, असे मी आजही म्हणते.

आता ज्या मुलासाठी हे सगळे लिहायला घेतले, त्याच्याकडे येते.

आमच्या भागातली निम्मी गावे दसरा-दिवाळीनंतर रिकामी होतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि असे कोयते ट्रकमध्ये भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात. म्हातारी माणसे मागे राहतात. लहान मुलांपैकी काही आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात, आणि उरलेली आईबापांबरोबर जातात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये सगळे परत येतात. शाळेच्या भाषेत सांगायचे तर ही मुले पहिल्या सत्राला असतात आणि दुसऱ्या सत्राचा सगळा मधला भाग नसतात.

हा मुलगा सहावीत होता. वर्ष २०१३-१४. पहिल्या सत्रात गणितात त्याला ७२ गुण होते, ब-१. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. त्या वर्षी त्याची आजी वारली होती, त्यामुळे मागे राहायला घर नव्हते. मार्चच्या शेवटी तो परत आला तेव्हा उंच झाला होता आणि त्याच्या दोन्ही हातांवर उसाच्या पात्याचे बारीक ओरखडे होते. वर्गात येऊन तो आपल्या जुन्या बाकावर बसला आणि शेजारच्या मुलाची वही पाहू लागला. त्या वहीत गुणोत्तर-प्रमाण होते, शेकडेवारी होती, नफा-तोटा होता. त्याच्या वहीत दशांश अपूर्णांकापर्यंतच होते.

एप्रिलमध्ये मी नोंदवही उघडली तेव्हा त्याच्या नावापुढे दुसऱ्या सत्राचे रकाने कोरे होते. इथे तक्ता काही बोलत नाही. मुलाने चाचणी दिली आणि त्याला काही आले नाही तर शून्य लिहायचे असते. मूल चाचणीला नव्हतेच, तर ती जागा रिकामी असते. शून्य आणि रिकामी जागा यांत केवढे अंतर आहे! पण बेरीज करताना दोन्हींची किंमत एकच होते. मुख्याध्यापकांशी बोलून मी तीन आठवडे शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेतले आणि जेवढे घेता येईल तेवढे काम करून घेऊन रकाने भरले.

त्या तीन आठवड्यांतली एक दुपार मला तपशिलासह आठवते. मी त्याला फळ्यावर त्रैराशिकाचे उदाहरण घातले: १०० वस्तूंची किंमत २५० रुपये, तर ६० वस्तूंची किती? तो खडू हातात धरून उभा राहिला. बराच वेळ गेला. मग मला एकदम सुचले आणि मी म्हणाले, “वाढ्याच्या पेंढ्या शेकड्याला अडीचशेने गेल्या, आणि गवळ्याने साठच घेतल्या, तर पैसे किती मागशील?” खडू खाली ठेवण्याआधीच त्याने उत्तर दिले, “दीडशे.” मी विचारले, कसे काढलेस? “धा पेंढ्याचे पंचवीस, म्हणून साठाचे दीडशे.” ऊस तोडून झाला की वरचे हिरवे वाढे जनावरांना विकतात, आणि त्या वर्षी ते विकण्याचे काम त्याच्याकडे होते. पाच महिने रोज पहाटे तो त्रैराशिक करत होता. मी त्याला म्हटले की फळ्यावर आहे ते हेच उदाहरण आहे. त्याने फळ्याकडे पाहिले, आणि माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही अशा नजरेने माझ्याकडे पाहिले.

लेखी परीक्षेत त्याला ४० पैकी ७ मिळाले. त्रैराशिकाचे उदाहरण त्याने कोरे सोडले होते. तोंडीत १० पैकी ८. संकलित १५ झाले. आकारिकाचे तीन आठवड्यांत जमवलेले रकाने मिळून २५ झाले. एकूण ४०.

कपाटाचे दार उघडले. ३३ ते ४०, ड.

पहिल्या सत्राच्या ब-१ शेजारी दुसऱ्या सत्राचा ड लिहायचा होता, कारण प्रगतीपत्रकात दोन्ही सत्रांच्या श्रेणी शेजारीशेजारीच येतात. वर्गातून सगळे गेले होते. मी बराच वेळ ती ओळ बघत बसले. त्या मुलाचे ओरखडलेले हात डोळ्यांपुढे होते, आणि त्याने तोंडाने दिलेले दीडशे हे उत्तर कानात होते. कृती-उपक्रमाच्या रकान्यात १० पैकी ६ होते. तो ६ मी खोडरबराने पुसला आणि ७ लिहिला. एकूण ४१ झाले. मग शाईच्या पेनाने श्रेणीच्या रकान्यात क-२ लिहिले, आणि त्या संध्याकाळी फार हलके वाटून घरी गेले.

तो एक गुण खोटा होता असे मी आजही मानत नाही. ज्या मुलाला शेकड्याचा हिशेब तोंडी येतो, त्याच्या कृतीला सहाऐवजी सात देणे यात अप्रामाणिकपणा नव्हता. माझे चुकले ते वेगळ्या ठिकाणी, आणि ते मला जूनमध्ये कळले.

त्याच शासन निर्णयात एक वाक्य होते, जे आम्ही सगळ्यांनी प्रशिक्षणात ऐकले होते आणि कागदावर वाचले होते. ड किंवा त्याखालची श्रेणी मिळालेल्या मुलाला शाळेने जादा वेळ देऊन, पूरक मार्गदर्शन करून वर आणायचे होते. मूल नापास होणार नाही, हा कायद्याचा एक हात होता. आणि मागे पडलेल्या मुलाला शाळा पुन्हा शिकवील, हा दुसरा. खालची अक्षरे याच दुसऱ्या हातासाठी होती. ड ही हाक होती, या मुलाकडे या, असे सांगणारी. आम्ही मात्र तिला नापासाचे नवे नाव समजत होतो, आणि दयाळू शिक्षक म्हणून मुलांना तिच्यापासून वाचवत होतो.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सातवीच्या गणिताच्या जादा वर्गाची यादी नोंदपत्रकावरून तयार झाली. ड, इ-१ आणि इ-२ असलेली मुले. यादी करणारे शिक्षक नव्याने बदलून आलेले, मुलांना न ओळखणारे होते. त्यांनी अक्षरे पाहिली आणि नावे उतरवली. सहा नावे होती. त्यांत या मुलाचे नाव नव्हते. त्याला क-२ होती, आणि ती मी दिली होती.

मी त्यांना जाऊन सांगितले, आणि त्यांनी लगेच सातवे नाव लिहिले, म्हणून त्याचे वर्ष वाया गेले नाही. पण त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये आधीच्या तीन वर्षांची नोंदपत्रके काढून बसले आणि ४१, ४२ असे आकडे शोधू लागले. माझ्याच हातचे होते. अकरा मिळाले. त्या अकरांपैकी किती आकडे मी पेन्सिलने एक-दोन गुणांनी वर ढकलले होते, ते आता आठवणे शक्य नव्हते. त्यांतली चार मुले शाळेतून गेली होती. मुलीच जास्त होत्या. ही माझी खंत आहे, आणि ती मी इथे लिहून ठेवते आहे.

प्रगतीपत्रकात श्रेणीच्या खाली आणखी तीन जागा असत: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. पूर्ण पद्धतीचा जीव या तीन जागांत होता. श्रेणीने सोडून दिलेले सगळे इथे सांगायचे होते. पण सहाशे तीस श्रेण्यांची आकडेमोड करून दमलेला शिक्षक या जागांपाशी येईपर्यंत रात्रीचे अकरा वाजलेले असत. मग वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या. ‘गणितातील मूलभूत क्रिया अचूक करतो’, ‘वर्गात सक्रिय सहभाग घेते’, ‘अक्षर सुधारणे आवश्यक’. त्या याद्यांमधून वाक्ये उचलून आम्ही त्या जागा भरल्या. मीही भरल्या. याचा दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे मला मान्य नाही. ज्याच्याकडे दोन वर्ग, जनगणनेचे काम, निवडणुकीचे काम आणि खिचडीचा हिशेब आहे, त्याच्याकडून पस्तीस मुलांविषयी एकशे पाच स्वतंत्र वाक्ये मागताना त्याला वेळही दिला पाहिजे होता. पण वेळ नव्हता म्हणून जे राहिले, ते राहिलेच. अक्षर लिहिले गेले आणि वाक्य उरले नाही.

त्या जूननंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे, सीमेवरच्या मुलाचे गुण मी हलवणे बंद केले. दोन म्हणजे, निदान गणित आणि भाषा या दोन विषयांपुरते, ज्यांच्या श्रेणी क-२ आणि त्याखाली असतील त्या मुलांसाठी मी स्वतःच्या शब्दांत नोंद लिहू लागले. पस्तीसांसाठी जमत नव्हते, सात-आठ जणांसाठी जमत होते. नोंदीत मुलाचे काय अडते ते लिहायचे, ‘हुशार’, ‘मंद’, ‘चंचल’ असले शब्द लिहायचे नाहीत, एवढे पथ्य पाळले. ‘हातच्याची वजाबाकी येते, मधे शून्य आले की अडतो.’ ‘वाचते, पण जोडाक्षरापाशी शब्द सोडून देते.’ अशी दोन ओळींची वाक्ये. ती लिहायला अर्धा तास लागत नाही, पण त्यासाठी मुलाजवळ दोन-तीन वेळा बसावे लागते.

आता पुन्हा वारे बदलले आहे. मागे न ठेवण्याच्या कलमात केंद्राने २०१९ साली बदल केला, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. पाचवीला प्रत्येक विषयात ५० पैकी १८ आणि आठवीला ६० पैकी २१ गुण मिळाले तर मूल पुढे जाते. नाहीतर पुनर्परीक्षा, आणि तिथेही अडले तर त्याच वर्गात. माझ्याबरोबरचे काही शिक्षक याने सुखावले आहेत. मुलांना काही येत नसताना त्यांना पुढे ढकलत गेलो, असे ते म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. मला मात्र धाकट्या भावाच्या बाकावर बसलेली ती पाचवीतली मुलगी दिसते. निकाल आणि पुनर्परीक्षा यांच्या मधल्या दिवसांत अशा मुलीजवळ कोणी बसणार असेल, तर या नियमाला अर्थ आहे. त्या दिवसांत ऊसतोडीची मुले नुकतीच गावी आलेली असतात, तेव्हा बसायला वेळही चांगला आहे.

निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या १ मे ला माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. एका मुलीला गणितात ३९ गुण होते. मी ड लिहिली. तिचे वडील आदल्याच आठवड्यात कारखान्यावरच्या कोपीतून, म्हणजे तिथल्या झोपडीतून, आले होते. प्रगतीपत्रक त्यांनी उलटे धरले होते, ते मी हळूच सरळ करून दिले. “पास हाय का, बाई?” त्यांनी विचारले. मी म्हणाले, “सहावीत गेली. भागाकार राहिलाय तिचा.” सुधारणा आवश्यक या जागेत मी लिहिले होते ते त्यांना वाचून दाखवले: दोन अंकी संख्येने भागायला शिकवायचे राहिले आहे, कारण तो धडा झाला तेव्हा ती गावात नव्हती, पाढे २० पर्यंत पक्के आहेत. त्यांनी ते मुलीकडून पुन्हा एकदा वाचून घेतले. मग म्हणाले, “पाढे मीच घेतलेत, कोपीवर, रातच्याला.” आणि प्रगतीपत्रकाची घडी न घालता, ते तसेच सपाट, छातीशी धरून घेऊन गेले.